अंगठे हाताला लागले नाहीत तरी चालेल

२१ जूनच्या आसपास आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात योगवर्गांत नवी माणसं दिसू लागतात. पहिल्या दिवशी बहुतेकांची तक्रार एकच असते, "माझं अंग फार आखडलंय हो." शिक्षक पुढे वाकायला सांगतात. नवख्याचे हात नडगीच्या मध्यावर येऊन थांबतात, आणि शेजारी साठी ओलांडलेल्या काकू दोन्ही तळवे सतरंजीवर टेकवून निवांत असतात. मग हा गडी झटके देऊन खाली जायचा प्रयत्न करतो. नेमकं इथेच बिघडतं.

मांडीच्या मागच्या बाजूला तीन स्नायू आहेत. आपण बसतो तेव्हा खाली टेकणाऱ्या हाडापासून ते निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन जोडले जातात. इंग्रजी नाव हॅमस्ट्रिंग. बोलताना आपण "मागची शीर आखडली" म्हणतो ती हीच. दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत घालवणाऱ्या माणसाला पुढे वाकताना सगळ्यात आधी हे स्नायू अडवतात. पण अडवतात म्हणजे ते आखूड झालेले असतात का? या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच जणांना अनपेक्षित वाटेल.

स्नायूच्या आत, तंतूंच्या जोडीने, लांबी मोजणारे बारीक संवेदक असतात. स्नायू झटक्यात ताणला गेला की ते मज्जारज्जूला खबर देतात आणि तिथून लगेच उलट हुकूम सुटतो: आवळा. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली छोटी हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो, तो याच व्यवस्थेमुळे. म्हणजे पश्चिमोत्तानासनात, पाय पसरून बसून पुढे वाकताना, उसळ्या मारून पुढे जाणारा माणूस आपल्याच स्नायूंना "आवळा, आवळा" असं सांगत असतो. तोच ताण हळूहळू वाढवला आणि श्वास चालू ठेवून तिथे थांबलं तर ही प्रतिक्रिया सौम्य राहते.

दुसरी गोष्ट अधिक रंजक आहे. संशोधकांनी यंत्राने लोकांचे पाय उचलून, कोणत्या कोनात स्नायू किती जोराने विरोध करतो हे मोजलं. मग काही आठवडे ताण देण्याचा व्यायाम करून घेऊन पुन्हा मोजलं. पाय आधीपेक्षा वर जाऊ लागले होते. मात्र पूर्वीच्याच कोनात स्नायूचा विरोध जवळजवळ पूर्वीइतकाच होता. तीन ते आठ आठवड्यांच्या सरावाच्या अशा अनेक प्रयोगांत हेच दिसलं. स्नायू फारसा लांबला नव्हता. तेवढा ताण सोसायला मज्जासंस्था तयार झाली होती. पूर्वी जिथे "बास" असा इशारा मिळायचा, तिथे आता तो उशिरा मिळत होता. सुरुवातीच्या महिन्या-दोन महिन्यांत जो लवचीकपणा येतो तो बहुतांशी असा असतो.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. पाठीवर बसून किंवा खांदे दाबून कुणी तुम्हाला पुढे ढकललं तर स्नायू लांब होत नाही, उलट शरीर अधिक सावध होतं. असा "मदतीचा हात" देणाऱ्या शिक्षकांना हसतमुखाने नको म्हणावं. आणि खेच जास्तच झाली तर ती स्नायूच्या टोकाशी, बसण्याच्या हाडावरच्या कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीवर येते. कंडरेला रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे ती भरून यायला महिने लागतात. तोवर दुचाकीवर बसणंसुद्धा नकोसं होतं. नेमाने आसनं करणाऱ्यांत हे दुखणं चांगलंच परिचित आहे.

त्यापेक्षा एक करून बघा. घरातली चादर किंवा ब्लँकेट चार पदरी घडी करून तिच्या काठावर बसा, पाय पुढे पसरा आणि गुडघे थोडे वाकवा. बैठक उंच झाल्यामुळे ओटीपोटाचा हाडांचा सांगाडा पुढे झुकू शकतो, आणि कंबर गोल न करता खुब्यातून वाकता येतं. अंगठे दूर राहिले तर पायांच्या तळव्यांभोवती पट्टा किंवा ओढणी टाका. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, लाकडी ठोकळे, दोर, खुर्च्या आणि ब्लँकेटं यांचा पद्धतशीर वापर रुजवला तो याच हेतूने: आसन माणसाच्या मापाने बेतता यावं. आज जगभरच्या योगवर्गांत हे साहित्य दिसतं, पण आपल्याकडच्या पुष्कळ वर्गांत पट्टा मागणं अजून कमीपणाचं वाटतं. का, ते मला कळत नाही.

ताणाचं असं असलं तरी काही अडथळे खरोखरच हाडाचे असतात. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खळगीत बसतो. ही खळगी कुणाची खोल, कुणाची उथळ, कुणाची जरा पुढे तोंड केलेली. मांडीच्या हाडाची मानही कमी-अधिक पिळलेली असते. म्हणून एकाला पद्मासन पहिल्याच दिवशी जमतं आणि दुसऱ्याला दहा वर्षांनीही जमत नाही. यात साधना कमी पडली असं काही नाही.

पद्मासनातला खरा धोका गुडघ्याला असतो. पाऊल विरुद्ध मांडीवर ठेवायचं तर पाय खुब्यातून बाहेर फिरायला हवा. खुबा फिरला नाही आणि आपण हाताने पाऊल ओढून वर बसवलं, तर उरलेला पीळ गुडघ्यावर येतो. गुडघा हा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा सांधा. दुमडणं-उघडणं त्याचं काम, पीळ सोसणं नव्हे. आतल्या कुर्चेच्या गाद्या अशा वेळी चेमटतात किंवा फाटतात. खूण सोपी आहे. ताण खुब्याच्या बाहेर किंवा मांडीत जाणवत असेल तर ठीक; गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचलं की तिथेच थांबायचं आणि साधी मांडी घालून बसायचं. आपल्याकडे पंगतीला मांडी घालून बसायची सवय असलेल्यांना हे सोपं जातं, आणि टेबल-खुर्चीवर वाढलेल्या पिढीला अवघड.

वज्रासनाबद्दलही दोन शब्द. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं वज्रासनात बसायला बहुतेकांना काही अडचण नसते. पण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीच्या बारीक हाडाच्या मानेपाशी एक नस अगदी कातडीलगत जाते. पाऊल वर उचलणं तिच्या हाती. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात, तासन्‌तास टाचांवर बसल्यावर पाऊल लुळं पडल्याची नोंद आली होती. इतका वेळ कुणी नवखा बसत नाही, तरी मुंग्या येऊन पाय बधिर व्हायला लागला की "सहन करू जरा" म्हणू नये. उठावं.

आता श्वासाकडे येऊ, कारण इथे गैरसमज सगळ्यात दाट आहेत. "प्राणायामाने जास्त ऑक्सिजन मिळतो" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक वर्गात कानावर पडतं. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन शांत बसल्याबसल्याही ९५ टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनने भरलेलं असतं. कोविडच्या काळात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी आला तेव्हा हे आपण सगळ्यांनी पाहिलं. भरलेलंच आणखी किती भरणार? जोरजोरात, भरभर श्वास घेतल्याने बदलतो तो कार्बन डायऑक्साइड. तो जास्त बाहेर गेला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. नवख्याने पहिल्याच दिवशी शंभर-दोनशे कपालभातीचे झटके मारले आणि त्याला गरगरलं, तर ती "शुद्धी होत असल्याची" खूण नव्हे. थांबून साधा श्वास घेतला की एक-दोन मिनिटांत बरं वाटतं.

संथ श्वासाचा परिणाम मात्र खराखुरा आहे आणि मोजताही येतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. मनगटावर नाडी धरून बसलात तर पुष्कळांना हे स्वतःलाच जाणवेल. मिनिटाला १२ ते २० ऐवजी सहाच्या आसपास श्वास घेतले की हा चढ-उतार ठळक होतो, आणि रक्तदाबाची नोंद घेऊन ठोके कमी-जास्त करणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर होते. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की जपमाळेवर केलेली ख्रिस्ती प्रार्थना आणि "ॐ मणि पद्मे हुं" हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ येतो. तेव्हा पहिल्या महिन्यात कपालभाती-भस्त्रिका हे जोरदार, भरभर श्वासाचे प्रकार बाजूला ठेवून, पाच सेकंद आत आणि पाच सेकंद बाहेर एवढंच केलं तरी भरपूर. श्वास कोंडून धरायची घाई नको, विशेषतः रक्तदाबाच्या रुग्णांनी.

अशी मोजमापं करायची परंपरा आपल्या जवळची आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, आणि त्याच सुमारास उड्डियान (पोट आत ओढून धरणं) व नौली (पोटाचे स्नायू घुसळणं) करताना पोटात काय घडतं हे क्ष-किरण आणि दाबमापकाने तपासलं. शंभर वर्षांपूर्वी एका योग्याने "बघू तरी, मोजून" म्हणावं, आणि आज कुणीही "पीळ देणाऱ्या आसनांनी शरीरातलं विष पिळून निघतं" असं ठोकून द्यावं, हे पटण्यासारखं नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, तुम्ही आडवे असलात तरी.

मग योगाने काय होतं? जुनाट कंबरदुखीत थोडा ते मध्यम आराम मिळतो, याला चांगला आधार आहे. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत औषधांआधी करून बघायच्या उपायांत योगाचं नाव घेतलं. रक्तदाब, झोप, मनावरचा ताण यांत फायदा दिसतो, पण तो औषधाच्या जोडीला. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी परस्पर बंद करू नये. संथ आसनांचा तास हा हृदयाच्या हिशेबाने हलका व्यायाम ठरतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो भरायला चालणं हवं किंवा वेगाने घातलेले सूर्यनमस्कार. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो व्यायाम म्हणूनच.

काही जणांनी मात्र शिक्षकांना आधीच गाठून बोलायला हवं. काचबिंदू असेल तर शीर्षासन नको. त्यात डोळ्यातला दाब साधारण दुप्पट होतो. हाडं ठिसूळ झाली असतील तर कंबरेतून गोल होऊन पुढे वाकणं टाळावं, मणका दबून मोडू शकतो. मणक्याची गादी सरकलेली असेल, गर्भारपण असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारूनच. मानेचं दुखणं असलेल्यांनी शीर्षासन-सर्वांगासनाचा नादच सोडावा: शीर्षासनात डोक्यावर शरीराच्या वजनाचा ४० टक्के किंवा त्याहून जास्त भार आल्याचं अनुभवी साधकांवरच्या मोजमापांत दिसलं आहे. मानेच्या मणक्यांची घडण एवढ्या भारासाठी नाही. ज्या वर्गात पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना भिंतीला पाय लावून उलटं करतात, तो वर्ग बदलावा. तब्येतीची चौकशी न करता फी घेणारा वर्गही त्यातलाच. एका हॉलमध्ये साठ माणसं आणि शिक्षक माईकवर, असा प्रकार असेल तर तुमचा गुडघा कुणीकडे वळलाय हे बघणार कोण?

बाकी तयारी किरकोळ. जड जेवणानंतर तीन तास जाऊ द्यावेत, चहा-बिस्किटाला तासभर पुरे. मॅट महागडी नको, घसरली नाही म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी अंग दुखेल, ते एक ते तीन दिवस राहील. हे दुखणं स्नायूच्या मांसल भागात, बहुधा दोन्हीकडे सारखं असतं आणि थोडं हिंडल्या-फिरल्यावर कमी होतं. त्याला घाबरून वर्ग बुडवायचं कारण नाही. पण दुखणं एकाच बाजूला, सांध्यात, अगदी बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी असेल, किंवा कंबरेतून पायात खाली चमक जात असेल, तर ते आसन त्या दिवसापासून बंद करावं. आठवड्याभरात उतार पडला नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. पायातली ताकद कमी झाल्यासारखी वाटली तर आठवडाही थांबू नये.