फर्स्ट एमबीबीएस: पुस्तक मिटल्यानंतरचा अभ्यास

मुंबईत केईएम, जेजे, सायन किंवा नायरच्या मेडिकल कॉलेजला पोचलेली मुलं नीटसाठी भरपूर वाचूनच तिथे आलेली असतात. त्यामुळे ॲनाटॉमीचे (शरीररचनेचे) जाडजूड खंड समोर आले की त्यांना एकच उपाय सुचतो: आणखी वाचायचं, आणखी हायलायटर फिरवायचा. मग पहिल्याच व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, "वाचलं होतं सर, पण आता आठवत नाहीये" अशी गत होते. यात हुशारी कमी पडलेली नसते. दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपण त्यालाच 'येतंय' समजतो.

2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक उतारा दोनदा वाचायचा, दुसरा एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढायचा. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा दोनदा वाचलेला उतारा पुढे होता, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने तपासलं तेव्हा पारडं फिरलं: दोनदा वाचलेल्यातलं 42 टक्के उरलं होतं, लिहून काढलेल्यातलं 56. म्हणूनच रात्री वाचून झोपताना वाटणारा आत्मविश्वास फसवा असतो.

आठवायचं, आणि तेही मध्ये दिवस सोडून. हे अंतर का लागतं, याचं फार सुंदर उत्तर ॲप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगायीने दिलं. तिच्या चेतापेशी मोठ्या आणि मोजक्या, त्यामुळे एरिक कँडेल यांना एकेका जोडणीवर काम करता आलं. त्यांना 2000 साली नोबेल मिळालं. दोन चेतापेशींच्या जोडणीवर सेरोटोनिन हे संदेश देणारं रसायन एकदाच सोडलं की पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, त्याने पीकेए हे विकर (एन्झाइम) जागं होतं आणि जोडणी काही मिनिटं जोरात काम करते. मग सगळं पूर्ववत. पण तेच सेरोटोनिन अंतराअंतराने पाच वेळा दिलं की पीकेए पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि क्रेब-1 या प्रथिनाला चालना देतं; हे प्रथिन जनुकं चालू करतं. तिथे क्रेब-2 हे प्रथिन ब्रेक लावून बसलेलं असतं. मॅप कायनेज हे दुसरं विकर तो ब्रेक सोडवतं. मग जनुकं चालू होतात, नवी प्रथिनं बनतात आणि जोडण्यांची संख्याच वाढते. हा बदल 24 तासांनंतरही टिकतो. प्रथिननिर्मिती रोखणारं औषध दिलं तर अल्पकाळाचा परिणाम होतो, दीर्घकाळाचा होत नाही. म्हणजे टिकाऊ स्मृती हे पेशीतलं बांधकाम आहे आणि बांधकामाला वेळ लागतो. गोगलगायीवरून माणसाच्या अभ्यासाचं वेळापत्रक थेट काढता येत नाही, पण क्रेबची हीच यंत्रणा उंदरांच्या स्मृतीतही सापडली आहे.

स्मरणशक्तीची सिरपं आणि 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग हे बांधकाम करून देत नाहीत. मिडब्रेन हा मेंदूतला जेमतेम दोन सेंटिमीटरचा भाग डोळ्यांच्या हालचाली, बाहुलीचं आकुंचन असली कामं सांभाळतो. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला तो शिकवतो, असं सांगणाऱ्याने तो कधी हातात घेतलेला नसावा.

ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं (नसांचं) जाळं घ्या. डिसेक्शन (देहाचं विच्छेदन) झालं त्याच संध्याकाळी कोऱ्या कागदावर सी 5 ते टी 1 ही पाच मुळं लिहा. तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, पाच शेवटच्या शाखा, सगळं न बघता. अडलात तरी लगेच पुस्तक उघडू नका, मिनिटभर झगडा. मग लाल पेनाने दुरुस्ती करा. चुका ठरलेल्या असतात. पोस्टीरियर कॉर्ड तिन्ही ट्रंकांच्या मागच्या डिव्हिजन मिळून बनते, हे निसटतं. मीडियन नर्व्हला लॅटरल आणि मीडियल अशा दोन्ही कॉर्डमधून मूळ मिळतं, त्यातलं एक राहून जातं. लाँग थोरॅसिक नर्व्ह तर मुळांतूनच निघते, म्हणून ती बहुतेकांच्या आकृतीत नसतेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा, मग चौथ्या दिवशी, मग दहाव्या. वाचून झाल्या झाल्या लगेच काढलेली आकृती यात धरू नका, ती ताज्या आठवणीवर निघते.

हाडांचं असंच. ह्युमरस, म्हणजे दंडाचं हाड, न बघता पिशवीतून उचला आणि बाजू सांगा: गोल डोकं वर, आत आणि किंचित मागे, कोपराकडचा खोल खड्डा मागच्या बाजूला. रंगीत आकृतीत पिवळी दिसणारी नर्व्ह फॉर्मॅलिनमधल्या देहावर करड्या दोरीसारखी दिसते, म्हणून स्पॉटरची (दाखवलेला भाग ओळखायच्या परीक्षेची) तयारी डिसेक्शन हॉलमध्येच होते. टेबलापाशी जोडीदाराने चिमट्याने दाखवावं, तुम्ही नाव आणि शाखा सांगावी.

डोंबिवलीहून भायखळ्याला येणाऱ्याला सकाळच्या लोकलमध्ये पुस्तक उघडायला जागा नसते. आठवायला जागा लागत नाही. घाटकोपर येईपर्यंत क्रेब्ज सायकलच्या (पेशीत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या चक्राच्या; वरच्या क्रेबशी संबंध नाही) आठ पायऱ्या विकरांसकट मनात म्हणा. जिथे अडाल ते विकर मोबाइलवर टिपून ठेवा आणि लेक्चर सुरू व्हायच्या आधी तेवढंच उघडून बघा.