फौजेतील सेवेची नोंद कुठे असते, ती कशी मागावी आणि अर्ज परत का येतात

सैन्यात शिपाई, नाईक, हवालदार किंवा सुभेदार म्हणून नोकरी केलेल्या माणसाचे कागद तहसील कार्यालयात नसतात, जिल्हाधिकाऱ्यांच्या अभिलेख कक्षात नसतात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही नसतात. तरीही यवतमाळ, वाशिम किंवा गडचिरोलीच्या खेड्यांतून वडिलांच्या, आजोबांच्या सेवेचा पुरावा मागणारे अर्ज याच ठिकाणी जातात आणि कित्येक महिन्यांनी ‘या कार्यालयाशी संबंधित नाही’ एवढ्या एका ओळीसह परत येतात. कुठे जायचे ते त्या एका ओळीपुढे लिहिण्याची तसदी कोणी घेत नाही, म्हणून हे लिहावे लागत आहे.

सैनिकाचे कागद त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या स्वतंत्र रेकॉर्ड ऑफिसात राहतात. महार रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात सागर येथे आहे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे नागपूरजवळ कामठीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे पुण्यात खडकीला, सिग्नल्सचे जबलपूरला, तर ईएमईचे (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) सिकंदराबादला. नौदलातील खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला आणि हवाई दलातील जवानांच्या दिल्लीत सुब्रतो पार्क येथे मिळतात. सैन्यातून निवृत्त होऊन पुन्हा डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, म्हणजे संरक्षण आस्थापनांची राखण करणाऱ्या दलात, भरती झालेल्या माणसाच्या नोंदी दोन असतात, पहिल्या सेवेची मूळ रेजिमेंटकडे आणि दुसरीची केरळात कण्णूरला. एकीकडेच अर्ज करणाऱ्याच्या हाती अर्धीच सेवा लागते. सीआरपीएफ, बीएसएफ आणि राज्य राखीव पोलीस दल यांचा या कार्यालयांशी संबंध नाही. पुलगावच्या दारूगोळा भांडारात किंवा भंडारा, भद्रावतीच्या आयुध निर्माणीत असैनिक कामगार म्हणून राबलेल्यांच्या नोंदीही येथे सापडणार नाहीत, मग घरात सगळे ‘बाबा मिलिटरीत होते’ असे कितीही म्हणत असोत.

या नोंदी कशा तयार होतात, हे समजल्याशिवाय त्या कशा मागाव्या हे कळत नाही. भरतीच्या दिवशी जवानाचा शीट रोल, म्हणजे त्याची वैयक्तिक नोंदपत्रिका, उघडली जाते आणि त्यात नाव, वडिलांचे नाव, गाव, जन्मतारीख, शरीरावरील खुणा, जवळचे नातलग यांची नोंद होते. पुढे लग्न, अपत्यजन्म, बढती, बदली, शिक्षा अशी प्रत्येक घटना पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाविषयीच्या घटनांची नोंद करणाऱ्या लेखी आदेशात, प्रसिद्ध होते आणि त्या ऑर्डरच्या आधारेच शीट रोलमध्ये चढते. याचा अर्थ असा की, जवानाने सुटीत येऊन लग्न केले आणि परत गेल्यावर पल्टनीत ते कळवले नाही, तर साऱ्या गावासमोर लागलेले ते लग्न रेकॉर्ड ऑफिसच्या दृष्टीने झालेलेच नसते. विधवा म्हणून अर्ज करणाऱ्या बाईला नवऱ्याच्या मृत्यूनंतर हे पहिल्यांदा कळते.

सर्वांत जास्त गोंधळ कागद जपण्याच्या मुदतीवरून होतो. सैन्याच्या नियमावलीनुसार पेन्शन न मिळता सेवामुक्त झालेल्या जवानाची सेवा-कागदपत्रे पंचवीस वर्षे जपली जातात आणि त्यानंतर नष्ट केली जातात. ही मुदत सेवामुक्तीच्या तारखेपासून मोजतात; मृत्यूच्या तारखेपासून किंवा अर्जाच्या तारखेपासून नव्हे. त्यामुळे १९७२ मध्ये घरी परतलेल्या जवानाचा मुलगा आज अर्ज करतो, तेव्हा ‘कागदपत्रे नष्ट करण्यात आली आहेत’ असे उत्तर येणे साहजिक आहे. खेदाची गोष्ट ही की बहुतेक कुटुंबे ते पत्र हाती पडताच प्रकरण संपले असे समजतात. ते संपलेले नसते. शीट रोल नष्ट झाला तरी प्रत्येक रेजिमेंटचा लाँग रोल, म्हणजे सर्व जवानांची नोंदवही, कायमस्वरूपी जपला जातो. त्यात जवानाचा क्रमांक, नाव, भरतीची तारीख, सेवामुक्तीची तारीख आणि तिचे कारण अशा मोजक्याच नोंदी असतात. पण सेवा झाली होती, हे सिद्ध करायला तेवढ्या पुष्कळ असतात. म्हणून अर्जात ‘सेवेचे रेकॉर्ड द्यावे’ असे मोघम लिहू नये. ‘सेवा-कागदपत्रे उपलब्ध नसल्यास लाँग रोलमधील नोंदीचा प्रमाणित उतारा द्यावा’ असे स्पष्ट वाक्य लिहावे, कारण मागितल्याशिवाय तो उतारा देण्याची पद्धत नाही. वयाची पासष्टी ओलांडलेल्या, पेन्शन नसलेल्या हवालदार व त्याखालील दर्जाच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना संरक्षण मंत्रालयाच्या कल्याण निधीतून जे निर्वाह अनुदान मिळते, ते मागताना सेवेचा पुरावा अडला तर आधी या उताऱ्याच्या मागे लागावे.

हा उतारा असो वा दुसरा कोणताही कागद, तो शोधायला आर्मी नंबर, म्हणजे जवानाचा सेवा-क्रमांक, लागतो. केवळ नाव आणि गाव देऊन केलेला शोध बहुधा फसतो, कारण एका रेजिमेंटमध्ये एकाच नावाचे अनेक जवान सापडतात. डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीच्या वेळी मिळणारी पुस्तिका) हरवले असेल तर नंबर पीपीओवर (पेन्शन मंजुरीचा आदेश), पेन्शनच्या बँक पासबुकात, कॅन्टीन कार्डावर, पल्टनीतून आलेल्या जुन्या पत्रांवर शोधावा. ट्रंकेत पदके असतील तर त्यांची कड भिंगाखाली पाहावी. स्वातंत्र्यानंतर मिळालेल्या अनेक पदकांच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेले असते. घरात काहीच नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे, कारण माजी सैनिक म्हणून कधीकाळी तेथे नोंदणी झाली असेल तर त्या जुन्या कार्डावर नंबर असतोच. आणखी एक ध्यानात ठेवावे: नायब सुभेदार झाल्यावर जवानाला ‘जेसी’ने सुरू होणारा नवा नंबर मिळतो. दोन्ही नंबर माहीत असतील तर दोन्ही लिहावेत.

त्यानंतरची अडचण नावाची, आणि ती आपल्याकडे विशेष आहे. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली चाल असल्यामुळे माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचे नाव आधारवर आणि जवानाने सांगितलेले तिसरेच, घरातले हाक मारायचे नाव सैन्याच्या कागदात, असे प्रकार सर्रास होतात. जवानाचे स्वतःचे नावही पुष्कळदा आडनावाशिवाय, फक्त वडिलांच्या नावासह लिहिलेले असते. राजपत्रात नावबदल छापून आणला म्हणजे काम झाले, असा सल्ला देणारे अनेक भेटतात. परंतु राजपत्रामुळे सैन्याचा कागद आपोआप बदलत नाही. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, लग्नाचा पुरावा आणि सरपंच किंवा पोलीस पाटलाचा दाखला घेऊन ते प्रकरण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला पाठवावे लागते. तेथे नोंद दुरुस्त झाली तरच पुढे पीपीओतील नाव बदलते. जवान हयात असतानाच हे करून घ्यावे, अशी हात जोडून विनंती आहे. त्याच्या एका सहीने होणारे काम त्याच्यामागे विधवेला फार महागात पडते.

गावाचा पत्ता लिहिताना भरतीच्या वेळचा जिल्हा लिहावा. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाडात, त्यामुळे जुन्या नोंदीत राज्यच वेगळे दिसते. गडचिरोलीच्या माणसाची १९८२ पूर्वीची नोंद चंद्रपूर किंवा चांदा जिल्ह्याखाली, वाशिमची १९९८ पूर्वीची अकोल्याखाली आणि गोंदियाची १९९९ पूर्वीची भंडाऱ्याखाली असते.

अर्ज साध्या कागदावर चालतो: नंबर, हुद्दा, नाव, युनिट, भरती व सेवामुक्तीच्या अंदाजे तारखा, अर्जदाराचे नाते आणि मागणी. सोबत ओळखपत्र, नात्याचा पुरावा आणि जवान हयात नसल्यास मृत्यू दाखला जोडावा. डिस्चार्ज बुक हरवले असल्यास पोलिसांकडील नोंद आणि प्रतिज्ञापत्रही लागते.

यात मृत्यू दाखला हा कागद अनेक घरांत नसतो. वर्षानुवर्षांपूर्वी वारलेल्या म्हाताऱ्याची नोंद ग्रामपंचायतीत कोणी केलेलीच नसते. एक वर्ष उलटल्यावर ग्रामसेवक स्वतःच्या अधिकारात ती करू शकत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. ग्रामसेवकाशी भांडून उपयोग नाही, तो येथे खरेच हतबल असतो. मृत्यू फार जुना असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल मागून पाहावी. नात्यासाठी तलाठ्याकडचा वारस फेरफार जोडण्याची सवय आहे, पण तो शेतजमिनीपुरता असतो. सोबत शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरचा उतारा जोडला तर आक्षेप येण्याची शक्यता कमी होते.

महायुद्धांच्या काळातील आजोबा-पणजोबांचा शोध घेणाऱ्यांनी आधी काळ नीट ठरवावा. १११ वी महार पल्टन १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. आजची महार रेजिमेंट ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला उभारली गेली. दोन्ही एकच समजून केलेला अर्ज भरकटतो. युद्धात मृत्यू झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव विनाशुल्क शोधता येते आणि तेथे नंबर, युनिट, काही वेळा वडिलांचे नाव व गावही मिळते. मात्र इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारे बदलून पाहावे. राष्ट्रीय अभिलेखागार आणि त्याचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ येथे उपयोगी पडते ते पल्टनीचा इतिहास, पत्रव्यवहार आणि जुन्या फायलींसाठी. जवानाचे वैयक्तिक कागद तेथे मागू नयेत.

रेकॉर्ड ऑफिसकडून उत्तरच आले नाही, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह किंवा केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि आपल्या अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करावा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास ती मुदत संपल्यापासून, किंवा असमाधानकारक उत्तर आल्यास ते हाती पडल्यापासून, तीस दिवसांत पहिले अपील करायचे असते. येथेही मुदत पत्रावरच्या तारखेपासून मोजत नाहीत, म्हणून टपालाचा शिक्का असलेले पाकीट फेकू नये. त्यानंतरचे अपील नव्वद दिवसांत दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते. नागपूरच्या राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे ते घेऊन जाऊ नये, कारण सैन्याची कार्यालये त्यांच्या कक्षेत येत नाहीत.