हृद्रोगाची शारीरिक तपासणी

हृद्रोगाची शारीरिक तपासणी : यंत्रांकडे वळण्याआधी रुग्णाची विचारपूस करून आणि डोळे, हात व कान यांच्या साहाय्याने हृदयाचा विकार ओळखण्याची पद्धत. रुग्ण सांगतो ते लक्षण आणि तपासणाऱ्याला आढळते ते चिन्ह, असा भेद वैद्यकात करतात. धाप, छातीतील कळ, धडधड, भोवळ, पायांवरील सूज ही लक्षणे परिचित असल्याने येथे त्यांचा विस्तार केलेला नाही. उदाहरणे मुख्यतः मराठवाड्यातील आहेत.

पूर्वपीठिका : ‘हृद्रोग’ हा शब्द ऋग्वेदात (१.५०.११) सूर्याच्या प्रार्थनेत येतो. तेथे तो शरीराच्या पिवळेपणासोबत आलेला असल्याने आजच्या अर्थाचा हृदयविकारच अभिप्रेत असेल असे नाही. चरकसंहितेत हृद्रोगाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि कृमिज असे पाच प्रकार आहेत.

नाडीपरीक्षेचा उगम हा वादाचा विषय आहे. चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या ग्रंथांत तिचे स्वतंत्र प्रकरण नाही. ती प्रथम सुसंगत रूपात दिसते ती शार्ङ्गधरसंहितेत, जिचा काळ सामान्यतः तेरावे-चौदावे शतक मानतात. अंगठ्याच्या मुळाशी असलेली ‘जीवसाक्षिणी’ धमनी पाहावी आणि वातात ती साप-जळवेसारखी, पित्तात कावळा-बेडकासारखी, कफात हंस-पारव्यासारखी चालते हे ओळखावे, असे तेथे सांगितले आहे. ही विद्या अरबी-इराणी हकिमांकडून आली असे एक मत, दक्षिणेतील सिद्ध या तमिळ वैद्यकपरंपरेतून वर आली असे दुसरे, तर काहींनी चीनकडे बोट दाखवले आहे. ग्रीक-अरबी वैद्यकातही हरिण व मुंगी यांच्या नावाच्या नाड्या आहेत, हे पहिल्या मताच्या बाजूने जाते. मात्र प्राण्यांच्या चालींची त्रिदोषांशी घातलेली सांगड तिकडे नाही. तेव्हा कल्पनेला बाहेरचा स्पर्श झाला असला तरी मांडणी येथलीच, हे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

या वादाला मराठवाड्याची एक बाजू आहे. यादवांच्या देवगिरीस वैद्यकाचा व्यासंग मोठा होता. महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री हेमाद्री याने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. त्याच्या आश्रयास असलेला बोपदेव वैद्याचाच मुलगा. पुढे निजामी राजवटीत युनानी वैद्यकाला राजाश्रय मिळाला आणि हकिमाची ‘नब्ज’ व वैद्याची ‘नाडी’ एकाच गावात शेजारी नांदल्या. दवाखान्यात काही न बोलता आधी मनगट पुढे करणारा म्हातारा आजही भेटतो, तो या दोन्ही परंपरांचा वारस होय. आधुनिक तपासणीत मात्र नाडीवरून दोष ठरवत नाहीत. गती, ताल, भरीवपणा आणि दोन्ही बाजूंची समानता पाहतात. मनगटावरील ठोके हृदयावर ऐकलेल्या ठोक्यांपेक्षा कमी भरले, तर अलिंदांच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या) विस्कळीत कंपनाचा संशय घेतात. उसळून लगेच कोसळणारी नाडी महारोहिणीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीची) झडप गळत असल्याचे सुचवते; आयरिश वैद्य डॉमिनिक कॉरिगन यांनी १८३२ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले.

विचारपूस : श्रमाने लागणारी धाप मोजण्यासाठी ‘किती जिने चढता?’ हा पुस्तकी प्रश्न धाब्याच्या एकमजली घरात राहणाऱ्याला निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी पाण्याची घागर, शेताची वाट, बाजाराचा दिवस यांविषयी विचारावे. बीडच्या ऊसतोड कामगाराच्या बाबतीत डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे ही अनायासे झालेली श्रमचाचणीच असते. गेल्या हंगामात न थांबता चढणारा या हंगामात मध्येच थांबत असेल, तर ती माहिती कोणत्याही आकड्याइतकी मोलाची. ‘किती उशा घेता?’ याचेही तेच. वाकळीवर झोपणारा उशा मोजत नाही, पण रात्री भिंतीला टेकून बसावे लागते हे आवर्जून सांगतो. छातीतील दुखण्याला रुग्ण सहसा ‘दुखणे’ म्हणत नाही. ‘भरून आल्यावानी होतंय’, ‘गॅस झालाय’, ‘पित्त चढलंय’ असे म्हणतो आणि बोलताना मूठ छातीवर ठेवतो. ही मूठ अमेरिकी हृद्रोगतज्ज्ञ सॅम्युएल लीव्हाइन यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्या अभावाने रोग नाही असे ठरत नाही. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांच्यात नुसती धाप, घाम किंवा मळमळ एवढेच असू शकते.

दर्शन व स्पर्शन : निळसरपणा सावळ्या त्वचेत ओठांपेक्षा जिभेवर भरवशाने दिसतो. मानेच्या नीलेतील दाब पाहण्यासाठी रुग्णाला सुमारे ४५ अंशांत टेकवतात. उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) कोनापासून स्पंदनाची उभी उंची सुमारे ३ सेंमी.पेक्षा जास्त भरल्यास दाब वाढलेला समजतात. बिछान्याशेजारी करावयाची ही मोजणी ब्रिटिश हृद्रोगतज्ज्ञ टॉमस लुइस यांनी १९३० मध्ये रूढ केली. पायांवर सूज असून मानेची नीला फुगलेली नसेल, तर मूत्रपिंड, यकृत किंवा पंडुरोग (रक्तक्षय) यांकडे आधी पाहावे. हृदयाग्राचा ठोका प्रौढात डावीकडे पाचव्या बरगडी-अंतरात, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यरेषेजवळ लागतो. तो खाली व बाहेर सरकला असता डावे निलय (हृदयाचा खालचा कप्पा) मोठे झाल्याचे मानतात.

श्रवण : स्टेथोस्कोपचे जनक, फ्रेंच वैद्य रने लेनेक यांनी १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात कागदाची सुरळी करून हृदय ऐकले व १८१९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक ठोक्याला ऐकू येणारे हृदयाचे दोन ध्वनी कशाने होतात, याबाबत मात्र ते चुकले: दुसरा ध्वनी त्यांनी अलिंदांच्या आकुंचनाचा मानला. १८३२ मध्ये फ्रेंच वैद्य रुआने यांनी दोन्ही ध्वनी झडपा मिटल्याने होतात असे मांडले. विसाव्या शतकात ब्रिटिश हृद्रोगतज्ज्ञ ऑब्रे लेथम यांनी झडपांचीच बाजू धरली, तर अमेरिकी शरीरक्रियातज्ज्ञ रॉबर्ट रशमर यांच्या मते रक्त, हृदयभित्ती व रोहिण्या हे सर्व मिळून कंप पावतात. झडप मिटण्याचा क्षण आणि ध्वनी यांचा मेळ बसतो, हे निर्विवाद. परंतु पाकळ्या एकमेकींवर आपटून टाळी वाजते ही पाठ्यपुस्तकी प्रतिमा टिकत नाही. मिटलेली झडप ताणली जाऊन रक्त एकाएकी अडते आणि त्या धक्क्याने भोवतालचे सारे थरथरते, असे आज बहुधा मानले जाते.

संधिज्वराने (सांधे व हृदयाला ग्रासणाऱ्या तापाने) आकुंचित झालेली द्विदल झडप, म्हणजे डावे अलिंद व डावे निलय यांमधील झडप, हे श्रवणाचे उत्तम उदाहरण. पहिला ध्वनी ठसठशीत, दुसऱ्यापाठोपाठ झडप उघडल्याचा ‘टक्’ आणि त्यानंतर खालच्या पट्टीतील घरघर. ही घरघर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, स्टेथोस्कोपची घंटा (घंटेच्या आकाराची बाजू) हलकेच टेकवून, श्वास सोडल्यावर ऐकावी लागते. गजबजलेल्या बाह्यरुग्ण विभागात ती निसटते. बाळंतपणाच्या सुमारास अचानक धाप लागलेल्या तरुण स्त्रीत ती मुद्दाम शोधावी. उलट पंडुरोग झालेल्या गरोदर स्त्रीत आढळणारी मृदू आकुंचनकालीन मर्मर (हृदय आकुंचन पावताना रक्तप्रवाहाचा होणारा जादा आवाज) पुष्कळदा निरुपद्रवी असते. मर्मरध्वनीच्या सहा श्रेणी लीव्हाइन यांच्याच. चौथ्या श्रेणीपासून हाताला थरार लागतो.

विंचूदंश : लाल विंचवाच्या दंशानंतर घाम, थंड पडलेले हातपाय, प्रथम वाढलेला रक्तदाब आणि नंतर फुफ्फुसात पाणी भरून गुलाबी फेस, ही चिन्हे मूळ हृद्रोग नसलेल्यातही दिसतात. मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणात महाड परिसरात या रुग्णांचा अभ्यास करून प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा उपयोग दाखवला (१९८६). दंशाच्या रुग्णात हातपायांचा थंडपणा व नाडी वारंवार पाहतात. हातपाय पुन्हा ऊबदार होणे हे औषध लागू पडल्याचे चिन्ह मानतात.