एकादशी, दुप्पट खाशी

रात्री साडेअकराला आमच्या स्वयंपाकघरात एकच आवाज व्हायचा, पत्र्याच्या डब्याचं झाकण निघण्याचा. तो होऊ नये म्हणून मी झाकणाभोवती ओढणी गुंडाळून ते अलगद उचलायचे. दहावीचं वर्ष होतं. आधी दिवाळीचा चिवडा, मग शंकरपाळे, मग उरलेली पोळी गूळ लावून, मग पुन्हा चिवडा. सगळं उभ्याउभ्या, अंधारात, चव कळण्याच्या आत गिळलेलं. पोट टम्म फुगून दुखायला लागायचं, तरी हात डब्याकडे जायचा. शेवटी चमच्याने चिवडा वरून सारखा करायचा, म्हणजे सकाळी आईला तो किती खाली गेलाय ते कळत नसे. आणि अंथरुणात पडल्यावर शपथ घ्यायची: उद्यापासून बंद. उद्या नाश्ता नाही, डबा नाही, रात्री फक्त एक पोळी.

ती शपथ मला उपाय वाटायची. प्रत्यक्षात माझ्या दुखण्याचं अर्धं मूळ त्या शपथेत होतं, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. आज रात्री कुणी मूल असंच डब्यापाशी उभं असेल, तर त्याला आणि त्याच्या आईवडिलांना ते लवकर समजावं म्हणून हे लिहिते आहे.

आपल्या भाषेत जास्त खाणाऱ्यासाठी शब्दांची रेलचेल आहे. हावरट, अधाशी, खादाड, वखवखलेला. फारच झालं तर ‘याला भस्म्या झालाय’. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द माणसाच्या स्वभावावर बोट ठेवतो. एक म्हण मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसताना नेमकं निदान करून बसली आहे: एकादशी, दुप्पट खाशी. आपण ती टोमणा म्हणून मारतो. मला ती शरीरशास्त्रातलं निरीक्षण वाटते, आणि तिचा पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मिळाला.

युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खाऊपिऊ कसं घालावं, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. ते शोधण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे तरुण स्वखुशीने आले होते. शरीराने आणि मनाने ठणठणीत होते. विद्यापीठाच्या स्टेडियमच्या प्रेक्षागृहाखालच्या खोल्यांत त्यांना ठेवलं. 1945 च्या फेब्रुवारीपासून 24 आठवडे त्यांना दिवसाला 1,600 कॅलरींच्या आसपास जेवण मिळत होतं. बटाटे, सलगमसारखे कंद, पाव, मॅकरोनी. वजन साधारण चौथाईने घटलं. पण खरी गोष्ट वजनाची नाहीच. ज्यांना आधी स्वयंपाकात काडीचा रस नव्हता, ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. बोलणं खाण्याचं, स्वप्नंही खाण्याची. ताटल्या चाटून पुसू लागले, एकेक जेवण तास-तास लांबवू लागले. काहींनी नियम मोडून चोरून खाल्लं आणि नंतर अपराधी वाटून रडले. उपासमार संपल्यावर त्यांच्यातले काही एका दिवसात कित्येक हजार कॅलरी खात, पोटात जागा उरत नसे, आणि तरी म्हणत, भूक आहेच. ही अवस्था कित्येकांत महिनोन्‌महिने टिकली.

हे सगळे मनाने खंबीर म्हणून निवडलेले लोक होते, हे विसरून चालणार नाही. त्यांना कोणी हावरट म्हणू शकलं नसतं.

आता दुसरा आकडा बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या अंदाजानुसार 16 ते 18 वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे 2,500 कॅलरी लागतात, मुलाला त्याहून बऱ्याच जास्त. मैत्रिणींच्या मोबाइलवरून फिरणारे डाएट चार्ट मात्र 1,200 चे असतात. त्यात हाडं वाढतायत, पाळी नुकती सुरू झालेली, सकाळची सातची शाळा, दुपारचा क्लास. डबा तसाच परत येतो. मूल दिवसभर छोटीशी मिनेसोटा जगतं आणि रात्री शरीर त्याची वसुली करतं.

उंदरांवरचा एक प्रयोग तर मला याहून बोलका वाटतो. प्रिन्स्टन विद्यापीठात बार्ट होबेल आणि निकोल अवेना यांच्या गटाने उंदरांना रोज 12 तास उपाशी ठेवलं आणि उरलेले 12 तास नेहमीच्या खाण्याबरोबर साखरेचं पाणी दिलं. थोड्याच दिवसांत साखरपाणी समोर आल्याबरोबर उंदीर त्यावर तुटून पडायला लागले. मेंदूत डोपामीन हे रसायन असं उसळत राहिलं, जसं ते व्यसनाच्या पदार्थांनी उसळतं. साखर काढून घेतल्यावर ते अस्वस्थ झाले. वर्तमानपत्रांनी एवढंच उचललं आणि ‘साखर म्हणजे अफू’ असे मथळे दिले. पण याच प्रयोगांत उंदरांचा आणखी एक गट होता. त्यांच्यापुढे साखरपाणी आणि खाणं 24 तास होतं. ते दिवसभर थोडं थोडं पीत राहिले आणि त्यांच्यात ही झडप दिसली नाही. साखर तीच, उंदीर तसेच. फरक होता तो एकादशीचा.

म्हणून ‘अन्नाचं व्यसन’ या शब्दाबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. येल विद्यापीठात ॲश्ली गिअरहार्ट आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये ते मोजायची प्रश्नावली तयार केली, पुढे मुलांसाठीही केली. कित्येक मुलांना त्यातले प्रश्न वाचून हायसं वाटतं: थांबायचं ठरवूनही थांबता आलं नाही, असं इतरांनाही होतं तर! दोष स्वभावाचा नाही, एवढं पटवायला हा शब्द कामाचा आहे. मात्र दारू सोडता येते तसं जेवण सोडता येत नाही. आणि व्यसन म्हटलं की मूल लगेच साखर, मैदा, तळलेलं सगळं आयुष्यभरासाठी सोडायच्या आणाभाका घेतं. म्हणजे पुन्हा एकादशीच. मानसोपचारात अन्नाचं व्यसन हे अजून अधिकृत निदान नाही.

जे अधिकृत आहे ते थोडं वेगळं. अमेरिकी मानसोपचार संघटनेने 2013 मध्ये अनावर खाण्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. थोड्या वेळात, म्हणजे साधारण दोन तासांच्या आत, इतर कुणी खाणार नाही एवढं खाल्लं जातं. त्या वेळी आपला ताबा सुटल्याची जाणीव असते. भरभर खाणं, भूक नसताना खाणं, लाजेपोटी एकट्याने खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं आणि नंतर स्वतःची किळस येणं, यातलं बरंचसं असतं. हे आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने चालत असेल तर आजार म्हणतात. मुलांमध्ये तज्ज्ञ किती खाल्लं यापेक्षा ताबा सुटला का याकडे जास्त पाहतात. लग्नात पाच जिलब्या हाणणारा मुलगा आजारी नाही. दोनच लाडू खाल्ले, पण ते खाताना ‘मी थांबूच शकत नाहीये’ म्हणून घाबरलेली मुलगी असू शकते. शिवाय हा आजार फक्त मुलींचा नाही. मुलग्यांचा सापडत नाही, कारण ‘वाढत्या वयाचा आहे, चांगला खातो’ म्हणून आपण कौतुक करून मोकळे होतो. जाड मुलांचाच असतो, हेही खरं नाही.

किशोरवयातच हे का बळावतं? मेंदूतला बक्षिसाचा भाग या वयात तेजीत असतो, आणि ‘जरा थांब’ म्हणणारा कपाळामागचा भाग पुरता पक्व व्हायला विशी उलटून जाते. मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी दाखवलंय की हवंहवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूतल्या दोन वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. डोपामीन मुख्यतः हवंसं वाटायला लावतं. हे वाचलं तेव्हा मला तो अंधारातला बेचव चिवडा आठवला. आवडत नव्हताच, फक्त हवा होता.

त्यात झोपेची भर. 2004 मधल्या शिकागोच्या एका अभ्यासात 12 निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिलं, तर पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलं आणि भूक जागवणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं. या वयात 8 ते 10 तास झोप हवी. बोर्डाच्या वर्षात ती कुणाला मिळते? आणि पाकिटातल्या खाण्याचाही वाटा आहेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी 2019 मध्ये 20 जणांना दोन आठवडे कारखान्यात प्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न हवं तेवढं खाऊ दिलं. प्रक्रिया केलेलं अन्न असताना ते रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होते. दोन्ही प्रकारच्या ताटांत साखर, मीठ, चरबी आणि चोथा जवळपास सारखाच ठेवला होता, तरीही. शाळेच्या आवारात आणि 50 मीटरच्या आत चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ विकू नयेत, असा आपल्याकडे 2020 चा नियम आहे. शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर उभं राहून पाहा, तो किती पाळला जातो.

यापुढचं घरातल्या मोठ्यांसाठी आहे. ज्या मिनेसोटा विद्यापीठात ती उपासमार मोजली, तिथेच डायॅन न्यूमार्क-स्टेनर यांनी पुढे हजारो शाळकरी मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. जी मुलं डाएट करत होती, त्यांच्यात पाच वर्षांनी वजन जास्त असण्याचं आणि अनावर खाण्याचं प्रमाण डाएट न करणाऱ्यांपेक्षा अधिक निघालं. वजनावरून चिडवली गेलेली मुलंही अशीच अडचणीत आली. तेव्हा ‘तिसरी पोळी? बघ हं’ या वाक्याने पोळी वाचत नाही. ती रात्रीवर ढकलली जाते. डब्याला कुलूप लावल्यानेही तेच होतं. माझ्या बाबांनी चिवड्याचा डबा फडताळाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवला होता. त्यांचा हेतू चांगलाच होता. मी स्टूल घेऊन चढायचे.

मला ज्या डॉक्टरबाईंकडे नेलं, त्यांनी वजनकाट्याकडे पाहिलंही नाही. विचारलं, “काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लंस, सांग बरं.” मी म्हटलं, चहा. “मग?” काही नाही. “मग?” रात्री एक पोळी. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि आईला म्हणाल्या, “वहिनी, हिला रात्रीचं खाणं बंद करायला सांगू नका. सकाळचं सुरू करा.” तोवर सगळ्यांनी मला रात्रीबद्दलच विचारलं होतं.

ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या उपचाराची सुरुवातही हीच आहे, हे मी खूप नंतर वाचलं. विचार आणि वागणं यांची गाठ सोडवणारा हा उपचार, म्हणजे सीबीटी, या आजारावर सगळ्यांत जास्त तपासला गेलाय. त्यातली पहिली पायरी दिसायला अगदीच साधी आहे: तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही. भूक असो वा नसो, वेळ झाली की खायचं. सगळ्यात अवघड भाग म्हणजे रात्री अनावर खाणं झालं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करायचाच. चूक फेडायला उपाशी राहायचं नाही. मला तर हे करताना अक्षरशः भीती वाटायची. पोहे घशाखाली उतरायचे नाहीत. पण दोन-तीन आठवड्यांत रात्रीची धार कमी झाली.

क्लासला जायच्या आधी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला खरं जेवणासारखं काहीतरी पोटात जाणं फार महत्त्वाचं आहे. भाकरी-पिठलं चालेल, दूध-पोळी चालेल, उसळ चालेल. बिस्किटांवर भागवू नये. उपासाचं म्हणाल, तर हा त्रास असलेल्या मुलीने बरं होईपर्यंत उपास धरू नयेत, आणि आजीने तिला तशी मोकळीक द्यावी. देव काही रागावत नाही. कुठलाही पदार्थ कायमचा बंद करायचा नाही. लाडू खायचा तर बसून, ताटलीत घेऊन, उजेडात, सगळ्यांबरोबर. ओढ आलीच, तर ती लाटेसारखी चढते आणि उतरते. 20 मिनिटं स्वयंपाकघराबाहेर काढता आली, गच्चीवर फेऱ्या मारल्या, कुणाला फोन केला, तर पुष्कळदा ओसरते. नाही ओसरली तरी काही बुडालं नाही. आणि ही ओढ कधी येते ते वहीत लिहून ठेवलं, की भुकेखेरीजची कारणं दिसू लागतात. माझ्या वहीत गणिताच्या चाचणीचे दिवस ठळक होते.

खाऊन झाल्यावर मुद्दाम उलट्या काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, चक्कर येणं किंवा जगणं नको वाटणं, यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. इन्सुलिन घेणारं मूल ते टाळत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. कुणाकडे जावं हेच कळत नसेल, तर सरकारची टेली मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर 24 तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मूल स्वतःही फोन करू शकतं.

आमच्याकडे आईने काय केलं, तर डबा वरच्या खणातून काढून ओट्यावर ठेवला, झाकण सैल करून. पाच वाजता ताट वाढायची आणि समोर स्वतःचा चहा घेऊन बसायची. किती खाल्लं, का खाल्लं, एक शब्द नाही. मधूनमधून घसरण झाली, रात्री मी डब्यापाशी गेलेही. पण ओढणी गुंडाळावी लागली नाही.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर एकदा तिने डब्यात हात घातला, चिमूटभर तोंडात टाकला आणि मला हाक मारली. “अगं, चिवडा सादळला की!” आमच्या घरात असं पहिल्यांदाच झालं होतं.