घरच्यांना न विचारता निघालेल्या गुप्तहेर मुली

एनोला होम्स घरातून पळते तेव्हा जेमतेम १४ वर्षांची असते. आई नाहीशी झालेली, आणि थोरले भाऊ तिला मुलींच्या निवासी शाळेत धाडायला टपलेले. लेखिका नॅन्सी स्प्रिंगर यांनी २००६ मध्ये आपल्या कादंबरीत ही मुलगी आणली. शाळेत जायचं नाही, एवढं कारण तिला घर सोडायला पुरतं. शंभर वर्षांपूर्वीच्या नायिकांना असं चाललं नसतं. बाई हेरगिरी करते, तर तिच्यावर तशीच वेळ आली असली पाहिजे, असा तेव्हाचा दंडक. कॅथरिन पर्किस यांची लव्हडे ब्रुक (१८९३) कफल्लक होते म्हणून या धंद्यात येते आणि त्यापायी जुन्या ओळखीपाळखींना मुकते. जॉर्ज सिम्स यांच्या डॉर्कस डीनचा चित्रकार नवरा आंधळा होतो.

या सगळ्यांत मला धीट वाटते ती व्हायोलेट स्ट्रेंज. न्यूयॉर्कच्या धनाढ्य घरातली ही तरुणी मेजवान्यांत मिरवते आणि वडिलांना पत्ता लागू न देता एका गुप्तहेर कचेरीसाठी कामं करते. नाजूक, नटवी पोर म्हणून तिच्यावर कोणी संशय घेत नाही, हेच तिचं हत्यार. तिला पैसे कशाला हवेत, हे लेखिका अगदी शेवटच्या, नवव्या कथेपर्यंत राखून ठेवते. वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्यांनी तोडलेल्या बहिणीच्या गाण्याच्या शिक्षणासाठी ती हे करत असते! म्हणजे बंड आहेच, पण तेही घरच्याच माणसासाठी. या कथा १९१५ मध्ये पुस्तकरूपाने आल्या, तेव्हा लेखिका ॲना कॅथरिन ग्रीन सत्तरीला टेकल्या होत्या. वकिलाची ही मुलगी १८७८ पासून रहस्यकथा लिहीत होती.

प्रत्यक्षातही फार वेगळं नव्हतं. न्यूयॉर्क पोलिसांतल्या पहिल्या स्त्री डिटेक्टिव्ह इझाबेला गुडविन (१९१२) पदरी मुलं असलेल्या विधवा होत्या.

१९३० मध्ये एडवर्ड स्ट्रेटमेयर यांच्या कल्पनेतून आणि मिल्ड्रेड वर्ट यांच्या लेखणीतून नॅन्सी ड्रू आली. तिला सबबच लागत नाही, कारण अडवायला घरात कोणी ठेवलेलंच नाही. आई वारलेली, वकील वडील उलट तिचाच सल्ला घेणारे, दाराशी स्वतःची मोटार. पुढे १९५९ पासून जुनी पुस्तकं नव्याने लिहून काढली, तेव्हा सोळाची नॅन्सी अठराची झाली आणि बोलण्यातला तिचा तोराही उतरवला गेला. मला मात्र सोळाचीच पटते.