डिग्री-डे: बेरीज जुनीच, पण ती सुरू कधी करायची?

कॉडलिंग मॉथ हा सफरचंदाचं नुकसान करणारा पतंग, त्याची अळी एकदा फळात घुसली की वरून काहीही फवारा, तिच्यापर्यंत ते पोचतच नाही. अंड्यातून निघून फळात शिरेपर्यंत ती जेमतेम काही तास, फार तर दिवसभर बाहेर असते, म्हणून फवारणी त्या वेळेवरच बसायला हवी.

लेड आर्सेनेट या जुन्या कीटकनाशकाच्या काळात बागायतदार झाडाकडे बघायचे, पाकळ्या गळल्या की पहिली फवारणी, मग ठराविक दिवसांनी पुन्हा पुन्हा. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं, औषध बदललं पण कॅलेंडर तेच. झाड आणि किडा दोघंही उष्णतेवर वाढतात, पण त्यांची चाल सारखी नसते ना, आणि खरी गडबड तिथंच व्हायची.

म्हणून दिवस मोजण्याऐवजी उष्णतेची बेरीज करायची, तिचं एकक डिग्री-डे. मूळ कल्पना फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाची, १७३५ ची, तीही पिकांसाठी. किड्याचा हिशोब साधा आहे, १० अंश सेल्सिअसखाली कॉडलिंग मॉथची वाढ जवळपास थांबते, म्हणून दिवसाच्या सरासरीतून १० वजा करायचे, सरासरी १६ तर ६ डिग्री-डे. पण कमाल १६ आणि किमान ४ असलं तर सरासरी १०, म्हणजे खात्यात शून्य, आणि दुपारच्या उन्हात किडा तर वाढलेला असतो! बास्करव्हिल आणि एमिन या संशोधकांनी १९६९ मध्ये यावर सोपी रीत दिली, तापमान साइन वक्रासारखं, म्हणजे लाटेसारखं चढतं-उतरतं असं धरून फक्त कमाल-किमान आकड्यांवरून हिशोब. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण साध्या थर्मामीटरवर भागतं.

तरी बेरीज कुठल्या दिवसापासून धरायची हा प्रश्न होताच. १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हाच्या संशोधन केंद्रात वेंडेल रोलॉफ्स आणि सहकाऱ्यांनी नर पतंगाच्या मिशांवर विजेचे संकेत मोजून मादीचा गंध ओळखला, त्यातून कामगंध सापळे आले. सापळ्यात नर सलग सापडायला लागले की तो दिवस शून्य, म्हणजे बायोफिक्स, तिथून साधारण १३९ डिग्री-डे सेल्सिअस (फॅरेनहाइटमध्ये २५०) भरले की अंडी फुटायला लागतात. मिशिगनमध्ये त्याच दशकात हे कॉम्प्युटर मॉडेलमध्येही बसवलं गेलं.

पुढे मिलनात अडथळा आणायला तोच गंध बागभर सोडायला लागले, मग सापळ्यात पतंग नीट येईनात आणि बायोफिक्स ठरवणं पुन्हा अवघड. वॉशिंग्टन राज्यात त्यामुळे सापळ्याची वाट न बघता १ जानेवारीपासूनच बेरीज धरायची पद्धत आली.