कोर्टाऐवजी आपल्या माणसांसमोर

न्यूझीलंडच्या लोकसंख्येत तिथले मूळ रहिवासी माओरी साधारण १७ टक्के आहेत, पण तुरुंगातले निम्म्याहून अधिक कैदी माओरी आहेत. शिक्षा भोगून सुटायचे, पुन्हा पकडले जायचे, हे चक्र काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे.

ते तोडण्यासाठी तिथल्या पोलिसांनी माओरी जमातींशी भागीदारी केली. ‘ते पाए ओरांगा’ नावाच्या या व्यवस्थेत हलका गुन्हा करणारा आणि तो नाकारत नसलेला माणूस कोर्टाऐवजी जमातीच्या पंचांसमोर बसतो. सोबत घरचे असतात, आणि ज्याचे नुकसान झाले त्यालाही येऊन बोलता येते. शेवटी लेखी करार होतो. तो पाळला तर खटला नाही, मोडला तर कोर्टाचा रस्ता खुला.

लायसन्सशिवाय गाडी चालवणारा तरुण घ्या. कोर्ट दंड करते. दंडाला पैसे नाहीत, लायसन्स तर नाहीच, आणि कामावर जायला दुसरे साधन नाही. तो पुन्हा पकडला जाणारच! पंच आधी विचारतात, लायसन्स का काढले नाही? मग लायसन्स काढणे हीच करारातली अट होते. व्यसन किंवा बेकारी मुळाशी असेल, तर उपचार नाहीतर प्रशिक्षण.

हा मवाळपणा नव्हे. अनोळखी न्यायाधीशापुढे मान खाली घालणे सोपे, आजीच्या वयाच्या बाईला उत्तर देणे फार अवघड. शिवाय खटल्याचा शिक्का स्वतःच घातक ठरू शकतो. अल्पवयीनांवर खटला चालवणे आणि न चालवणे यांची तुलना करणाऱ्या २९ प्रयोगांचा आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. खटल्याने पुढचे गुन्हे घटले नाहीत, उलट वाढण्याकडेच कल दिसला.

पंचांसमोर मुळात सुधारण्याजोगीच माणसे पाठवली जात असतील, ही शंका रास्त आहे. म्हणून हट व्हॅली, गिसबोर्न आणि मानुकाऊ इथल्या पंचायतींचे मूल्यमापन करताना वय, पूर्वीचे गुन्हे अशा बाबतींत जुळणाऱ्या, पण पंचांकडे न गेलेल्या लोकांशी तुलना केली गेली. गुन्हे नुसते मोजले नाहीत, तोललेही. दुकानातली चोरी आणि मारहाण, दोन्हींची नोंद एकेकच होते, पण त्यांनी होणारी हानी सारखी नसते. २०१९ च्या त्या निष्कर्षानुसार पंचांकडे गेलेल्यांच्या पुढच्या गुन्ह्यांतली हानी सुमारे २२ टक्क्यांनी कमी होती.

मला मात्र अडचण दारातच दिसते. कोणाला पंचांकडे पाठवायचे हे पोलीसच ठरवतात. २०२४ मध्ये पुढे आलेल्या संशोधनात, इतर सगळ्या बाबी सारख्या धरूनही, युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा माओरींवर खटला भरला जाण्याची शक्यता ११ टक्क्यांनी जास्त निघाली. ज्यांच्या परंपरेतून ही पंचायत उभी राहिली, त्यांनाच तिथवर पोहोचणे अवघड होऊ नये. म्हणून ही निवड करण्याचा अधिकारही जमातींकडे हवा.